कॉटनच्या गाठी परत आल्या तेव्हा

जुन्या कपड्यांच्या सॉर्टिंग लाइनवर काम करणाऱ्या कुणालाच एक मेल नको असतो, तो म्हणजे माल घेणाऱ्याचा "तुमच्या गाठी बाजूला काढून ठेवल्यात, येऊन बघा" असा. आम्हाला तो आला. गाठींवर चिठ्ठी आमचीच होती, फिकट रंगाचं कॉटन, ९५ टक्क्यांच्या वर. घेणाऱ्यांच्या लॅबने त्यातला माल फाडून, मिसळून तपासला तर पॉलिस्टर ठरलेल्या मर्यादेच्या बरंच वर निघालं, शिवाय लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा. आणि आमच्या स्क्रीनवर त्याच मालाचा शुद्धतेचा आकडा आरामात हिरव्या रंगात बसलेला.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण चूक आम्ही जिथे जिथे शोधली तिथे थोडी थोडी सापडत गेली पण मुख्य चूक तिथे नव्हती, ती मशीन चालू व्हायच्या आधीच होऊन बसली होती. अशी लाइन लावणाऱ्या कुणालाही हीच ठेच लागू शकते असं मला मनापासून वाटतं.

आधी लाइन कशी आहे ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. गोळा केलेल्या कपड्यांतले परत वापरता येतील असे आधी हाताने वेगळे होतात, ते काम अजून माणसंच करतात आणि माणसंच चांगलं करतात. उरतात ते फाटके, डागाळलेले, विटलेले. हे एकेक करून बेल्टवर टाकायचे, वरून हॅलोजनचा प्रकाश पडतो, कपड्यावरून परत आलेला प्रकाश कॅमेरा घेतो, पण डोळ्याला दिसतो तो नाही तर त्याच्या पलीकडचा, निअर इन्फ्रारेड, आम्ही सगळे एनआयआर म्हणतो. आमचा कॅमेरा साधारण ९०० ते १७०० नॅनोमीटर बघतो. प्रत्येक धाग्याचे रेणू या प्रकाशातला थोडा थोडा भाग ठरावीक ठिकाणी गिळतात, पॉलिस्टरचा १६६० च्या आसपास एक ओळखीचा खड्डा असतो, कॉटनचा १४५० ते १६०० मध्ये पसरट उतार असतो, लोकर आणि नायलॉनचं आणखी वेगळं. परत आलेल्या प्रकाशाच्या आलेखाच्या या रेषेवरून मॉडेल, म्हणजे नमुने दाखवून शिकवलेला संगणकाचा प्रोग्रॅम, ठरवतं की हे काय आहे आणि पुढे नोझलमधून हवेचा झोत बसून कपडा आपापल्या कप्प्यात पडतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत.

जगात हे आता नवीन राहिलेलं नाही. स्वीडनमध्ये माल्मोला सिप्टेक्स नावाचा प्लांट २०२० मध्ये सुरू झाला, वर्षाला २४,००० टनांची क्षमता, औद्योगिक पातळीवरचा असा पहिला. आणि गरज वाढतच जाणार आहे, युरोपियन युनियनमध्ये वर्षाला साधारण १ कोटी २६ लाख टन कापडाचा कचरा होतो आणि १ जानेवारी २०२५ पासून तो वेगळा गोळा करणं सदस्य देशांवर बंधनकारक आहे. एवढं गोळा झालेलं कापड कुणीतरी ओळखायला तर पाहिजे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ मध्ये मांडलं होतं की कपड्यांसाठी वापरलेल्या मालातला एक टक्कासुद्धा परत नवे कपडे होण्यासाठी वळत नाही. याला कारणं बरीच आहेत पण एक मोठं कारण हेच, की समोरचा कपडा नक्की कशाचा आहे हेच खात्रीने माहीत नसतं.

आता ९५ टक्के हा आकडा एवढा का जपायचा. आमचा घेणारा कॉटन रसायनांनी विरघळवून त्याचा लगदा करतो, त्यापासून पुढे नवा धागा होतो. त्या द्रावणात पॉलिस्टर विरघळत नाही, ते तसंच राहतं आणि फिल्टर तुंबवतं. लायक्रा त्याहून त्रासदायक, थोडा असला तरी चिकट गोळे. कापड यंत्राने पिंजून परत सूत काढणाऱ्यांनाही लायक्रा नकोच असतो, कारण तो तुटत नाही, ताणला जातो आणि दातांभोवती गुंडाळला जातो.

आणि गणित बघा. ज्याला बरेच लोक अजून टेरिकॉट म्हणतात त्यात पुष्कळदा ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के कॉटन असतं. सारख्या वजनाचे १३ कपडे घ्या, त्यातले १२ अगदी निखळ कॉटन आणि एकच टेरिकॉट, तर ६५ भागिले १३ म्हणजे पाच टक्के पॉलिस्टर झालंच, मर्यादा तिथेच संपली. म्हणजे तेरात एक चुकला की गाठ काठावर. बाकीच्या बारांत शिवणीचा दोरासुद्धा चालणार नाही, आणि दोरा तर असतोच, त्यावर पुढे येतो.

पहिला संशय अर्थातच मशीनवर. नोझलमधून झोत वेळेवर सुटतायत का, दोन कपडे एकमेकांवर चढून जातायत का, लेन्सवर तंतूंचा थर बसलाय का. जुन्या कपड्यांची धूळ, म्हणजे बारीक तंतूंचं जे पीठ उडतं ते, सगळीकडे बसतं. पांढऱ्या रेफरन्स टाइलवर कॅमेरा तपासला, रेषा बरोबर. दिव्यांचं वय झालं होतं, दोन बदलले, फरक नगण्य. एकावर एक चढलेले कपडे मात्र सापडले, ओल्या बाहीत दुसऱ्याची बाही अडकून जोडीनेच जाणारे, त्यासाठी बेल्टवर टाकण्याच्या जागी थोडा वेळ वाढवला. पण एवढ्याने गाठ नापास होत नाही हे दिसतच होतं.

दुसरा संशय ओलीवर, आणि इथे खरंच काहीतरी हाती लागलं. कॉटन हवेतली ओल धरतं, नेहमीच्या हवामानात वजनाच्या साधारण साडेआठ टक्के, पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्कासुद्धा नाही. पाण्याचे दोन मोठे खड्डे असतात, एक १४५० च्या जवळ आणि दुसरा १९४० च्या जवळ. १९४० चा खूप ठळक, तो दिसला की समजतं हे पाणी. पण आमचा कॅमेरा १७०० ला थांबतो, म्हणजे पाण्याची खूण पटवणारा खड्डा आम्हाला दिसतच नाही आणि जो दिसतो तो नेमका कॉटनच्या उतारात मिसळून जातो. परिणाम काय, ओलसर टेरिकॉट मॉडेलला आहे त्यापेक्षा जास्त कॉटनसारखं वाटतं. गोळा करायच्या पेटीत दमट झालेले काही कपडे आम्ही तसेच स्कॅन केले, मग वाळवून परत स्कॅन केले, काहींचा निकाल बदलला. मोजकेच, पण बदलला. त्या दिवशी आम्हाला वाटलं सापडलं बुवा. ओलाव्याचं मीटर घेतलं, दमट माल आधी पसरून वाळवायचा असं ठरलं, पुढची गाठ बांधली आणि यावेळी पाठवायच्या आधी आमच्याच खर्चाने बाहेरून तपासून घेतली. परत नापास. आधीपेक्षा थोडी बरी, पण नापासच.

गाठ उसवली

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. परत आलेली एक गाठ कापली आणि वेगवेगळ्या थरांतून ४० कपडे काढले, वरचे नाही, आतले, मधले, कोपऱ्यातले. मोठ्या टेबलावर मांडले. आमच्याकडे हाताने सॉर्टिंग करणाऱ्या एक ताई आहेत, अनेक वर्षं हेच काम केलेल्या, त्यांना बोलावलं. मी म्हटलं, ताई, मशीन म्हणतंय हे सगळं कॉटन आहे, तुम्ही सांगा. त्यांनी एकही लेबल बघितलं नाही. कपडा उचलायचा, अंगठा आणि दोन बोटांत चुरायचा, सोडायचा, चुरगळा किती राहतो ते बघायचा, कधी कानाजवळ नेऊन ओढायचा. पाच-सात मिनिटांत टेबलाचे दोन भाग झाले आणि दुसरा भाग चांगला मोठा होता.

एक राखाडी स्वेटशर्ट त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बाहेरून हात लावा. आता आतून लावा." बाहेरून कॉटन, अगदी व्यवस्थित कॉटन, किंचित खरखरीत आणि गार. आतली बाजू लवदार, हात फिरवला की बोटाच्या कोरड्या कातडीला अडकणारी, पॉलिस्टर. विणतानाच दोन धागे असे घेतलेले की एक बाहेरच्या अंगाला येतो आणि एक आतल्या. एनआयआर कापडात फार खोल जात नाही, वरचा थर बघून परत येतो, आणि आमचा कॅमेरा एकाच बाजूने बघतो. बेल्टवर हा स्वेटशर्ट सरळ पडला तर कॉटन आणि उलटा पडला तर पॉलिस्टर, म्हणजे कपडा कसा पडला यावर तो कशाचा हे ठरत होतं.

मग एक पँट. त्यांनी मांडीजवळ कापड दोन्ही हातांनी आडवं ताणलं आणि सोडलं, ते लगेच जागेवर आलं. कॉटन असं येत नाही, ते ताणलं की थोडं सैल राहतं. मी शिवणीजवळून एक आडवा धागा ओढून काढला आणि नखाने त्याचा पीळ उलटा सोडवला. वरचे कॉटनचे तंतू पिसासारखे मोकळे झाले आणि आतून एक बारीक, दुधी, चकचकीत तार निघाली, रबरासारखी लांबणारी. लायक्राच्या तारेवर कॉटन गुंडाळून काढलेलं सूत. काही पँटमध्ये तर त्या तारेसोबत पॉलिस्टरची अजून एक तार असते, दोन्ही आत, वर फक्त कॉटन. कॅमेऱ्याला दोष द्यायला काही जागाच नाही, त्याला जे दिसलं ते कॉटनच होतं.

तिसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा ठरला आणि तो दिसायला सगळ्यात साधा होता. साधे गोल गळ्याचे टी-शर्ट, साधे शर्ट, एकपदरी, ना अस्तर ना ताण. लेबलवर शंभर टक्के कॉटन. ताई म्हणत होत्या नाही, मशीन म्हणत होतं हो, लेबलही म्हणत होतं हो. इथे बोटांवर किंवा मशीनवर भांडण्यात अर्थ नव्हता म्हणून लॅबकडे गेलो.

लॅबची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. कॉटन आणि पॉलिस्टरच्या मिश्रणासाठी आयएसओ १८३३ या आंतरराष्ट्रीय मानकात ७५ टक्के सल्फ्युरिक अॅसिडची चाचणी आहे, सुमारे ५० अंशाला तासभर ठेवायचं, कॉटन विरघळतं, पॉलिस्टर राहतं, धुऊन वाळवून वजन करायचं. लायक्रासाठी वेगळं द्रावक, डायमिथाइल अॅसिटामाइड. हे काम लॅबमध्येच, शिकलेल्या माणसानेच करायचं. खरी चाचणी करताना कापडाचे धागे सुटे करून घेतात, पण तिथल्या केमिस्टबाईंनी आम्हाला दाखवण्यासाठी एका टी-शर्टचा चौकोनी तुकडा तसाच सोडला. तासाने चिमट्याने उचलला तर तुकडा होता, आकारही तोच, फक्त इतका विरळ की पलीकडची त्यांची बोटं दिसत होती. कॉटन निघून गेलं होतं आणि पॉलिस्टरची जाळी उरली होती. ज्याच्या गळ्याशी शंभर टक्के कॉटन लिहिलेलं त्याच टी-शर्टची. मी ती जाळी कागदात घालून परत आणली, अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

इथे एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे, लेबल आणि कपडा यांचा मेळ न बसणं म्हणजे दरवेळी फसवणूक नसते. युरोपियन युनियनचा लेबलांचा नियम, १००७/२०११, त्यात टक्केवारी काढताना शिवणीचा दोरा, अस्तर, कॉलरमधलं कडक कापड, ठरावीक जागी लावलेलं इलॅस्टिक धरायचंच नाही अशी सोय आहे, शिवाय उत्पादनात तीन टक्क्यांपर्यंत मागेपुढे चालतं. हा नियम अंगावर घालणाऱ्यासाठी लिहिलाय, त्याच्या कातडीला काय लागणार हे सांगायला. म्हणजे पूर्णपणे नियमात बसणाऱ्या शंभर टक्के कॉटनच्या शर्टात पॉलिस्टरचा दोरा, पॉलिस्टरची कॉलरपट्टी आणि पॉलिस्टरचंच लेबल असू शकतं, आणि रिसायकल करणाऱ्याच्या टाकीत मात्र दोऱ्यासकट सगळाच शर्ट जातो. लेबल आणि टाकी यांची व्याख्याच वेगळी आहे. पण त्या टी-शर्टांचं तसं नव्हतं, तिथे कापडच मिश्र होतं.

मॉडेल शिकलं कशावर

परत येताना गाडीत कुणीतरी सहज विचारलं, अस्तराचं, आतल्या तारेचं समजलं, पण एकपदरी साध्या टी-शर्टमध्ये पॉलिस्टरचा खड्डा कॅमेऱ्याला दिसायलाच पाहिजे ना, मग मॉडेल त्याला कॉटन का म्हणतं. या प्रश्नाने प्रकरण उलगडलं.

दुसऱ्या दिवशी त्या टी-शर्टांच्या मूळ रेषा काढून बघितल्या. १६६० ला खड्डा होता, लहानसा पण स्पष्ट. म्हणजे कॅमेऱ्याने बरोबर बघितलं होतं आणि मॉडेलने ते बघूनही कॉटन म्हटलं होतं, कारण त्याला तसंच शिकवलं होतं. लाइन बसवली तेव्हा घाईत संदर्भसंच तयार केला होता, जुने कपडे घ्यायचे, स्कॅन करायचे आणि लेबलवर जे लिहिलंय ते खरं धरून संगणकात भरायचं. सोपं, पटापट होणारं आणि दिसायला तर्काला धरून. त्या संचात असेच टी-शर्ट होते, लेबल कॉटनचं आणि कापड मिश्र. मॉडेलने इमानदारीने शिकून घेतलं की १६६० ला थोडा खड्डा असलेलं पण कॉटन असतं. लेबलातली चूक आम्ही हाताने उचलून मशीनच्या आत नेऊन ठेवली होती.

मग ही चूक चाचणीत का नाही सापडली. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं कारण हे टाळता आलं असतं. एकेका कपड्याचे आम्ही वीसेक ठिकाणी स्कॅन घेतले होते, मग सगळे स्कॅन एकत्र करून त्यातले काही शिकवायला आणि काही तपासायला असे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटले. म्हणजे एकाच टी-शर्टची छाती शिकवणीत आणि पाठ परीक्षेत. मॉडेल तो टी-शर्ट आधीच ओळखत होतं, गुण छान पडणारच. त्यात परीक्षेची उत्तरपत्रिका पण लेबलांवरूनच केलेली. अशी वाटणी नेहमी कपड्यानुसार करायला हवी, एक कपडा पूर्णपणे इकडे नाहीतर पूर्णपणे तिकडे, आणि जमलं तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणाहून आलेल्या मालावर तपासायला हवं. आम्ही तीच वाटणी कपड्यानुसार करून परत चालवली तर अचूकतेचा आकडा डोळ्यांदेखत खाली आला, मशीनला हातही न लावता.

रोजची तपासणीसुद्धा याच चक्रात अडकलेली. गाठ बांधताना आमचा माणूस काही कपड्यांच्या समोरच्या भागातून, मधोमध, एक तुकडा कापून हातातल्या छोट्या स्कॅनरने बघायचा. म्हणजे जो भाग कॅमेऱ्याने बघितला तोच, त्याच तंत्राने, त्याच संचावर शिकलेल्या मॉडेलने. शिवण नाही, कमरेची पट्टी नाही, आतली बाजू नाही. दोन्ही यंत्रांचं एकमत व्हायचं आणि आम्हाला वाटायचं खात्री झाली.

अजून एक गोष्ट, ही कुणा एकावर ढकलायची नाही पण लिहायला हवी. मॉडेल प्रत्येक निकालासोबत आपली खात्री किती हेही सांगतं. सुरुवातीला मर्यादा वर ठेवली होती, खात्री कमी असली की कपडा "इतर" मध्ये. मग "इतर" चा ढीग वाढत गेला, त्याला घेणारा मिळेना, जागा अडू लागली, आणि एका बैठकीत मर्यादा थोडी खाली आणायचं ठरलं. मीही त्या बैठकीत होतो आणि हो म्हटलं होतं. त्यानंतर मॉडेलला "सांगता येत नाही" म्हणायची मुभा जवळपास उरलीच नाही, जे समोर येईल त्याला ओळखीच्या पाच-सहा नावांपैकी एक द्यायचंच. लेप दिलेलं कापड, छापाचा जाड रबरी थर असलेला टी-शर्ट, तीन-चार धाग्यांचं मिश्रण, सगळ्यांना जवळचं नाव चिकटत गेलं.

काय बदललं

संदर्भसंच टाकून दिला. पूर्ण टाकून दिला, दुरुस्त करत बसलो नाही, यावर बराच वाद झाला कारण तो करायला महिने गेले होते. नवा संच लहान आहे पण त्यातल्या प्रत्येक कपड्याचा तुकडा लॅबमध्ये विरघळवून तपासलेला आहे, लेबल फक्त नोंदीसाठी लिहून ठेवतो, खरं म्हणून धरत नाही. कपडे मुद्दाम जुनेच घेतले, पन्नास वेळा धुतलेले, साबणाचा अंश राहिलेले, झिजलेले, डागवाले, कारण नव्या कापडावर शिकलेलं मॉडेल जुन्यावर गडबडतं. प्रत्येकाचे स्कॅन कोरडे आणि दमट दोन्ही, आतून आणि बाहेरून दोन्ही.

गडद रंगांसाठी वेगळी सोय लागली. इथे एक गैरसमज सगळीकडे दिसतो की काळं कापड एनआयआरला दिसत नाही. तसं सरसकट नाही, बरेचसे रंग डोळ्याला काळे दिसतात पण एनआयआर त्यांच्यातून आरपार जातो, त्यामुळे काळं कॉटन पुष्कळदा व्यवस्थित वाचता येतं. अडतं ते कार्बन ब्लॅक असलं की, म्हणजे काजळीसारखा रंग धाग्यातच घातलेला किंवा छापात वापरलेला, तो सगळाच प्रकाश गिळतो आणि परत काही येत नाही. असे कपडे आता थेट वेगळे पडतात, त्यांच्यावर अंदाज बांधायचा नाही.

अस्तरवाले, जाड पॅडिंगवाले, दुपदरी कपडे आता बेल्टवर जातच नाहीत, आधीच बाजूला. स्वेटशर्ट टाकताना माणूस बाही उलटून बघतो. पँट टाकताना दोन्ही हातांनी एकदा ताणून बघायची, परत जागेवर आली की वेगळी टोपली. ही ताईंची पद्धत, आम्ही तशीच्या तशी उचलली आणि टाकणाऱ्या सगळ्यांना त्यांनीच शिकवली. लायक्रा दोन-तीन टक्केच असेल, वर कॉटन गुंडाळलेलं असेल, तर आमचा कॅमेरा तो भरवशाने पकडत नाही आणि नवीन संचानेही पकडला नाही, हाताने ताणलं की मात्र एका सेकंदात कळतं. स्वयंचलित लाइनवर माणसाचा हात ठेवला म्हणून काहींना कमीपणा वाटला, मला अजिबात वाटत नाही. बोटांना जे कळतं ते बोटांनी करावं.

खात्रीची मर्यादा परत वर नेली आणि आता ती प्रत्येक प्रकाराला वेगळी आहे. कॉटनला सगळ्यात कडक, कारण तिथे एक चुकला की बाकी बारा वाया. पॉलिस्टरच्या कप्प्याला थोडी सैल, आमचा तो माल घेणारा थोडं मिश्रण चालवून घेतो. आणि प्रत्येक गाठीतून आता आडवातिडवा माल काढून, शिवणी-कॉलरसकट फाडून, मिसळून त्याची विरघळवण्याची चाचणी होते, म्हणजे घेणारा जशी करतो तशीच. महाग पडतं, वेळ जातो. पण गाठ जाऊन परत येण्यापेक्षा कमी.

याची किंमत सरळ दिसली. कॉटनचा माल कमी झाला आणि "इतर" चा ढीग परत वाढला. महिनाभर रोज त्याच्यावरून बोलणी खाल्ली. मी एवढंच म्हणत राहिलो की तो ढीग आधीही होता, फक्त कॉटनच्या गाठीत बांधलेला होता. मग पुढचा लॉट गेला आणि घेणाऱ्यांकडून फोन आला, माल घेतलाय, पुढचा कधी. त्यांनी शिवणीच्या दोऱ्यापुरती थोडी सूटही मोकळेपणाने दिली, कारण यावेळी आम्हीच आधी आकडा कळवला होता, दोरा आणि पट्ट्या धरून एवढं पॉलिस्टर आहे म्हणून.

डिजिटल पासपोर्ट, म्हणजे कपडा कशाचा आहे वगैरे माहितीची त्याच्यासोबतची डिजिटल नोंद, आला की हे सगळं सुटेल असं बरेच जण म्हणतात. युरोपियन युनियनचा त्याबद्दलचा कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला, पुढे कपड्यांनाही असा पासपोर्ट लागेल आणि मला त्याची खरोखर वाट आहे. पण आज आमच्या बेल्टवर येतात ते कपडे कित्येक वर्षांपूर्वी शिवलेले, निम्म्यांची लेबलं टोचतात म्हणून कापून टाकलेली किंवा धुऊन कोरी झालेली, आणि पासपोर्टमध्ये सुद्धा आकडा भरणार तो कुणीतरी माणूसच, आमच्या जुन्या संचात आम्ही भरला तसा. तुकडा विरघळवून बघायची गरज त्याने जाणार नाही. आणि ओळख बरोबर झाली म्हणून सगळं जमतंच असंही नाही, स्वीडनमधली रिन्यूसेल कंपनी जुन्या कॉटनचा लगदा करण्यात सगळ्यात पुढे होती आणि तीच पुरेशा ऑर्डर न मिळाल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा आमच्यासारख्या सॉर्टिंगवाल्यांच्या पोटात गोळा आला होता, गाठ कितीही शुद्ध बांधली तरी ती उचलणारं कुणी पाहिजे. नंतर ती नव्या मालकाकडे गेली आणि आता सर्क्युलोज या नावाने पुढे जातेय, हे ऐकून बरं वाटलं.

परत आलेल्या गाठी आम्ही सगळ्या उसवून नव्या मॉडेलवरून परत फिरवल्या. चांगला मोठा भाग खरंच कॉटन होता आणि तो नंतर गेलाही. मिश्र टी-शर्टांचा ढीग मात्र अजून मागच्या भिंतीला लावून ठेवलाय, कॉटन आणि पॉलिस्टर दोन्ही वेगळं काढणारा कुणी भेटेपर्यंत.

आता दुसऱ्या एका घेणाऱ्याने विचारलंय की कॉटनमधून व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, वेगळं काढून देता का. दोन्ही शेवटी झाडातलं सेल्युलोजच, एनआयआरमध्ये रेषा जवळजवळ सारख्या, फरक आहे पण अगदी बारीक, आणि ओल आली की तोही बुजतो. हो म्हणालेलो नाही. आधी विरघळवून तपासलेले व्हिस्कोसचे कपडे जमवतोय, या वेळी लेबल न वाचता, आणि पहिली टोपली ताईंकडे दिली आहे.